हिप हॉप कार्यशाळांमधून खरोखर सांस्कृतिक देवाणघेवाण होते का?

होते, परंतु कार्यशाळेची रचना तशी असावी लागते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी यांचा जॅझ वाद्यवृंद परदेशी पाठवला, तेव्हा भर मैफलींवर होता. त्याच खात्याच्या निधीवर चालणाऱ्या, संगीताचे प्राध्यापक मार्क कॅट्झ यांनी उभारलेल्या ‘नेक्स्ट लेव्हल’ उपक्रमात मात्र रॅपर, डीजे, बीटमेकर (गाण्याचा ताल-ठेका रचणारे) आणि नर्तक यांचा चमू सुमारे दोन आठवडे परदेशात राहून स्थानिक तरुणांना शिकवतो, त्यांच्याकडून शिकतो आणि अखेरीस सर्व जण एकत्र कार्यक्रम सादर करतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेली हिप हॉप ही कला प्रत्येकाला स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या वस्तीविषयी बोलायला लावते, त्यामुळे पाहुण्यांना यजमानांचे ऐकावेच लागते. सरकारी पैशामुळे येणारी प्रचाराची शंका मला रास्त वाटते.