केमिकल मिळालं म्हणजे चिप हुकली का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आहे. मुलीला चिप बनवण्याच्या क्षेत्रात जायचंय. कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, केमिकल मिळतंय, इलेक्ट्रॉनिक्स नाही. काका म्हणतात, केमिकल म्हणजे शेवटी नंदेसरीच, म्हणजे जवळच्या रासायनिक वसाहतीतली नोकरी. मग मॅनेजमेंट कोट्यातून दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं का?

सप्रेम नमस्कार,

पैसे भरण्याआधी लेकीला एवढंच विचारा: चिपचं सर्किट आखायचंय, की चिप प्रत्यक्ष घडवायची आहे? आखायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच घ्या. तिथे मी केमिकलची वकिली करणार नाही.

घडवायची असेल, तर काकांना कोयलीची रिफायनरी दाखवा. चिपसाठी लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन बहुतेक ट्रायक्लोरोसिलेनपासून बनतं. हा द्रव सुमारे ३२ अंशांना उकळतो आणि तो शुद्ध करतात डिस्टिलेशननेच, म्हणजे उकळून वाफ वेगळी करून, रिफायनरीत तेल वेगळं करतात तसंच. पुढे फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) वायूंच्या अभिक्रियेतून थर चढवायचे, कोरायचे, धुवायचे, घासून सपाट करायचे, असे शेकडो टप्पे. इंटेलची धुरा वाहिलेले अँडी ग्रोव्ह मुळात केमिकल इंजिनिअर. सिलिकॉनवर ऑक्साइड किती वेगाने वाढतं, याचं गणित त्यांनी ब्रूस डील यांच्यासोबत १९६५ मध्ये मांडलं. थर पातळ असतो तोवर वेग अभिक्रियेच्या हाती. जाड झाला की ऑक्सिजन त्यातून किती लवकर झिरपतो, त्यावर सगळं. मास ट्रान्सफर आणि रिअॅक्शन इंजिनिअरिंग हे रटाळ वाटणारे विषय तिने म्हणूनच मन लावून करावेत. जोडीला संख्याशास्त्र आणि प्रोसेस कंट्रोल. वेफर का बिघडले, हे शोधताना रोज तेच लागतं.

आपल्याकडे साणंदला मायक्रॉन या चिप कंपनीचं काम जोडणी आणि चाचणीचं आहे, तिथे केमिकलला वाव त्या मानाने कमी. धोलेऱ्याला टाटांच्या फॅबला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाली. पण लेक पदवीधर होईल चार वर्षांनी. एकाच प्रकल्पावर भिस्त ठेवून शाखा निवडू नका. केमिकलवाल्याला औषधं, खतं, रिफायनरी हे रस्तेही उघडे असतात. कोट्याचे पैसे एम.टेक.साठी राखून ठेवा.

आणखी एक. फॅबमध्ये सिलेन नावाचा वायू असतो, तो हवेत आला की आपोआप पेटू शकतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल तर कातडीतून आत जातं. सेफ्टीचा पेपर ऑप्शनला टाकू नये. फॅब चोवीस तास चालतो, त्यामुळे रात्रपाळी येणारच. ती काकांच्या नंदेसरीतही चुकत नाही म्हणा.