जुळ्यांपैकी एकालाच ऑटिझम का?

प्रश्न : माझे जुळे मुलगे तीन वर्षं दोन महिन्यांचे आहेत. दिसायला इतके सारखे, की बालवाडीत बाईही गोंधळतात. थोरल्याला नुकतंच ऑटिझमचं निदान झालं. धाकटा बोलतो, पण कमीच. सोनोग्राफीत दोघांच्या वारा (प्लॅसेंटा) वेगळ्या होत्या. एकाच पोटात वाढलेल्या मुलांत असा फरक कसा? घरात म्हणतात, आठव्या महिन्यापर्यंत मी हिंजवडीला जा-ये केली, त्याचं हे फळ. – एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : शेवटचं आधी. गरोदरपणातल्या नोकरीने किंवा रोजच्या प्रवासाने ऑटिझम होतो असा पुरावा नाही. शिवाय ती जा-ये दोघांनीही केली! जे दोघांच्याही वाट्याला सारखंच आलं, ते दोघांतल्या फरकाचं कारण कसं असेल? घरच्यांना एवढं विचारा.

आता वारेचं. वारा दोन म्हणजे जुळी भिन्न, म्हणजे दोन वेगळ्या बीजांपासून झालेली, हा समज चुकीचा आहे. फलित बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं, तर समजुळ्यांनाही (एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांनाही) स्वतंत्र वारा मिळतात आणि सुमारे एक तृतीयांश समजुळी अशीच असतात. दिसण्यावरूनही नक्की सांगता येत नाही. गालाच्या आतून घासून घेतलेल्या पेशींची डीएनए चाचणी ते ठरवते. उपचारांसाठी मात्र ती लागत नाही.

1977 साली फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. समजुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी चारमध्ये दोघांनाही ऑटिझम होता, भिन्नजुळ्यांच्या दहापैकी एकाही जोडीत नव्हता. पुढे निकष रुंदावले, जोड्या वाढल्या आणि समजुळ्यांत दोघांनाही ऑटिझम असण्याचा आकडा बहुतेक अभ्यासांत 60 ते 90 टक्क्यांच्या दरम्यान आला. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण शंभर टक्के नाही.

उरलेल्या जागेत बऱ्याच गोष्टी येतात. बीज दुभंगल्यावर प्रत्येक बाळात थोडे नवे जनुकीय बदल होतात. आइसलँडच्या 2021 मधल्या अभ्यासात समजुळ्यांत असे सरासरी पाचेक फरक सापडले. वारेतून मिळणारा रक्तपुरवठा, जन्माचं वजन आणि बाळंतपणातला त्रास दोघांचा सारखा नसतो. शिवाय एपिजेनेटिक खुणा, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणा, असतात. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यांवर मिथाइल गट हा छोटा रासायनिक तुकडा बसला की त्या भागातलं जनुक कमी-जास्त वाचलं जातं. या खुणा पेशींच्या वाढीबरोबर बदलतात. काही बाहेरच्या कारणांनी, तर काही निव्वळ योगायोगाने, आणि योगायोगाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. तुमच्या घरातला फरक यांपैकी नेमका कशामुळे पडला, हे आज कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

आमची खरी काळजी धाकट्याची आहे. जुळी सम असोत वा भिन्न, भावाला ऑटिझम असताना त्याचा धोका साध्या भावंडालाही साधारण पाचात एक असतो, समजुळ्याला त्याहून बराच जास्त. भावाशेजारी तो ‘अगदी ठीक’ दिसतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते. तुलना त्याच्या वयाच्या इतर मुलांशी करा. मोबाइलवर फिरणारी एम-चॅट ही ऑटिझमच्या प्राथमिक चाचपणीची प्रश्नावली भरून ‘धोका कमी’ असं आलं, तर निर्धास्त होऊ नका. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि तुमचा मुलगा 38 महिन्यांचा आहे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून सविस्तर मूल्यमापन करून घ्या. त्या दिवशी त्याला एकट्यालाच न्या, म्हणजे भावाच्या गडबडीत तो झाकला जाणार नाही. सोबत दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ ठेवा : नावाने हाक मारल्यावर तो काय करतो, जेवताना, इतर मुलांत खेळताना. श्रवणचाचणी आधीच करून घ्या. बोलणं मागे असेल, तर निदानाच्या कागदाची वाट न पाहता स्पीच थेरपी सुरू करा.

प्रश्न : ऑटिझममध्ये फरक असलेल्या समजुळ्यांच्या मिथायलेशनवर सेमिनार आहे. मेंदूच्या आजारात रक्त तपासून काय कळतं? – एम.एस्सी. विद्यार्थी, गणेशखिंड

उत्तर : कमी कळतं. जिवंत मुलाच्या मेंदूतला नमुना घेता येत नाही, म्हणून रक्त. प्रत्येक ऊतीची मिथायलेशनची (डीएनएवर मिथाइल गट बसण्याची) घडण वेगळी, त्यामुळे रक्तातला फरक मेंदूत असेलच असं नाही. 2014 मध्ये ब्रिटनमधल्या समजुळ्यांच्या 50 जोड्यांच्या रक्तात डीएनएवरच्या सुमारे 27,000 जागा तपासल्या गेल्या. एकूण मिथायलेशनमध्ये पद्धतशीर फरक दिसला नाही, ठरावीक जागी मात्र दिसला. सेमिनारमध्ये हे दोन्ही सांगा. पहिलं वाक्य गाळलं की दुसरं उगाच फुगतं.

पद्धत नीट समजून घ्या. डीएनएला बायसल्फाइट हे रसायन दिल्यावर मिथाइल नसलेल्या सायटोसिनचा (डीएनएतल्या ‘सी’ अक्षराचा) युरासिल होतो, मिथाइल असलेलं सायटोसिन तसंच राहतं. रूपांतर अपुरं झालं, तर मिथायलेशन खोटंच जास्त दिसतं. एका जोडीचे दोन्ही नमुने एकाच चिपवर (हजारो जागा एकदम तपासणाऱ्या पट्टीवर) हवेत, नाहीतर चिपांमधला फरक भावंडांचा फरक म्हणून छापला जातो. आठवडाभरापूर्वी एकालाच सर्दी-ताप येऊन गेला असेल, तर पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर आकडेही; म्हणून पेशींच्या प्रमाणाची दुरुस्ती केलीय का ते पाहा. 8,50,000 जागांच्या चिपवर 0.05 ची मर्यादा (योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के) लावली, तर निव्वळ योगायोगाने 42,500 जागा ‘महत्त्वाच्या’ ठरतील.

सगळ्यात अवघड प्रश्न आधी काय आणि नंतर काय, हा. ऑटिझम असलेलं मूल पुष्कळदा मोजकेच पदार्थ खातं, काहींना औषधं चालू असतात. खुणा त्यानेही बदलतात. निदानानंतर घेतलेलं रक्त हे कोडं सोडवू शकत नाही. नाळेचं रक्त किंवा जन्मतः टाचेतून घेतलेल्या रक्ताचं जपून ठेवलेलं कार्ड असेल, तरच थोडा उजेड पडतो.

प्रश्न : मुलीला ऑटिझम आहे. ‘मिथायलेशन प्रोफाइल’ करून त्यानुसार बी12 आणि फोलेट ही जीवनसत्त्वं द्यायचं पॅकेज सुचवलंय. घ्यावं का? – वडील, हडपसर

उत्तर : नको. त्या अहवालावरून ऑटिझमचे उपचार ठरत नाहीत. आईच्या पोषणाचा बाळावर परिणाम होतो हे पुण्याजवळच्या सहा गावांतल्या, 1993 पासून चाललेल्या अभ्यासातही दिसलं : ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध सर्वाधिक होता. पण तो मधुमेहाच्या वाटेवरचा निष्कर्ष आहे, ऑटिझमवरचा इलाज नव्हे. मुलीचं बी12 साध्या रक्तचाचणीत कमी आलं, तर ते जरूर भरून काढा, कमतरता म्हणून.

पैसे खर्चायचेच, तर डॉक्टरांना क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते पाहणारी चाचणी) आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकाराच्या चाचणीबद्दल विचारा. फ्रॅजाइल एक्समध्ये मिथायलेशनचा संबंध पक्का ठाऊक आहे : एफएमआर1 जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं 200 पेक्षा जास्त वेळा आली, की बहुधा तिथे मिथाइल गट बसतात आणि जनुक बंद पडतं. ही चाचणी नाव घेऊन मागावी लागते. नेहमीच्या एक्झोम चाचणीत (जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचणाऱ्या चाचणीत) ही पुनरावृत्ती मोजली जात नाही, त्यामुळे ‘एक्झोम नॉर्मल’ असा कागद हाती असला तरी फ्रॅजाइल एक्स तपासायचं राहिलेलंच असतं.