एमआरआय नॉर्मल आला, तरी कंपवातासाठी किरणोत्सारी औषध टोचून मेंदूचा स्कॅन कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६७ वर्षांचे, सहा-आठ महिन्यांपासून उजवा हात थरथरतो, चाल मंदावली आहे. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. न्यूरॉलॉजिस्टना कंपवाताची (पार्किन्सन्सची) शंका आहे, म्हणून आता त्यांनी ट्रोडॅट किंवा फ्ल्युओरोडोपा स्कॅन सुचवला आहे. किरणोत्सारी औषध शिरेतून देणार हे ऐकून घरातले घाबरले आहेत, आणि एवढा खर्च करून हाती काय लागणार हेही कुणी नीट सांगत नाही.

मी पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ही इंजेक्शनं मी स्वतः देते, आणि तुमच्या घरातली भीती रोज समोरच्या खुर्चीत बसलेली बघते. निदान करणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण हा स्कॅन काय बघतो ते सांगू शकते.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, जुन्या झटक्याची खूण, साचलेलं पाणी यांतलं काही नाही हे कळलं, ते चांगलंच झालं. कंपवातात बिघाड असतो तो वेगळ्या जागी. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना काळसर पेशींचा एकेक पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. या पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करतात आणि लांब तंतूंवाटे ते मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात सोडतात. हालचाल सुरू होणं, ती सहज होणं यासाठी ते लागतं. कंपवातात या पेशी मरत जातात. नेहमीच्या एमआरआयमध्ये हे सहसा दिसत नाही. वाड्याच्या भिंती शाबूत आहेत म्हणून आत चूल पेटली आहे असं होत नाही.

चूल पेटली आहे का, हे बघायला किरणोत्सारी खूणचिठ्ठी लागते. युक्ती शंभर वर्षांची आहे. जॉर्ज हेवेशी यांनी १९२३ मध्ये शेंगांच्या रोपाला किरणोत्सारी शिसं पाजून ते मुळांतून कुठे कुठे चढतं याचा माग काढला. पुढे याच कामासाठी त्यांना १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पदार्थ तोच, फक्त त्याच्या अंगावर बाहेरून मोजता येईल अशी खूण. शरीराला फरक कळत नाही, यंत्राला कळतो.

कंपवातात ही खूणचिठ्ठी काय सांगते, हे समजायला एक विचित्र प्रकरण माहीत हवं. माझ्याकडे नवीन मुलं शिकायला आली की मी त्यांना आधी हेच सांगते.

१९८२ चा उन्हाळा, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. तिथल्या सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये ४२ वर्षांचा एक माणूस तुरुंगातून आणला गेला. लाकडासारखा ताठ. बोलत नाही, हलत नाही, हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. मानसिक आजार असावा असंच सगळ्यांना वाटलं. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याची बोटं किंचित हलताना दिसली. त्यांनी त्या बोटांत पेन्सिल दिली, आणि तो अगदी सावकाश लिहायला लागला. मन जागं होतं, त्याला सगळं कळत होतं, फक्त शरीर ऐकत नव्हतं. ही नोंद मी कितीदा वाचली असेल, पण त्या पेन्सिलीपाशी मी अजूनही थांबते. पुतळा झालेल्या माणसाला कुणीतरी लिहायची संधी दिली नसती, तर?

मग कळलं की त्याची मैत्रीणही तशीच झाली आहे, आणि वॉटसनव्हिल गावात विशीतले दोन भाऊही. सगळी लक्षणं टोकाच्या कंपवाताची, पण वय भलतंच, आणि साठीनंतर हळूहळू वर्षानुवर्षं चढणारा आजार इथे काही दिवसांत आला होता. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच होती. त्यांनी हेरॉइनऐवजी मिळणारं एक कृत्रिम मादक द्रव्य शिरेतून घेतलं होतं. पेथिडीन या वेदनाशामकाच्या जातकुळीतलं ते रसायन कुणीतरी चोरून बनवत होतं, आणि बनवताना घाई झाली की त्यात भलतंच काहीतरी तयार व्हायचं. त्याचं नाव एमपीटीपी.

याआधी असं एकदा घडून गेलं होतं. १९७६ मध्ये मेरीलँडमध्ये रसायनशास्त्राच्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं तेच द्रव्य स्वतः बनवलं, घाईत पायऱ्या गाळल्या, आणि काही दिवसांत तोही ताठला. लेव्होडोपानं, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं त्या औषधानं, तो हलू लागला. १९७८ मध्ये दुसऱ्याच अमली पदार्थानं त्याचा जीव गेला, तेव्हा शवविच्छेदनात सबस्टॅन्शिया नायग्राच्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. १९७९ मध्ये त्यावर लेख आला, पण फारसा कुणी वाचला नाही. लँगस्टन यांच्या गटाला तो सापडला आणि धागा जुळला. १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी चार जणांची नोंद प्रसिद्ध केली.

एमपीटीपी मेंदूत शिरतं तेव्हा फारसं काही करत नाही. आसपासच्या आधारपेशींमधलं एमएओ-बी नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं एमपीपी प्लस या विषात रूपांतर करतं. मग हे विष सगळ्या पेशींना सोडून नेमकं डोपामिनच्याच पेशींना का मारतं? कारण या पेशींना एक खास दार असतं, डोपामिन ट्रान्सपोर्टर. सोडलेलं डोपामिन परत आत ओढून घ्यायला ते दार असतं. एमपीपी प्लस डोपामिनसारखं वाटतं, म्हणून पेशी त्यालाही त्याच दारानं आत घेते. आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जानिर्मिती बंद पाडतं. पॅराक्वाट या तणनाशकाची रचना या विषाशी मिळतीजुळती आहे. शेतीतली रसायनं आणि कंपवात यांच्या संबंधाचा शोध त्यातूनच जोरानं सुरू झाला. पॅराक्वाट आपल्याकडेही फवारलं जातं, म्हणून हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

ते दार लक्षात ठेवा. तुमच्या वडिलांचा ट्रोडॅट स्कॅन तीच दारं मोजतो.

पण आधी फ्ल्युओरोडोपा. लेव्होडोपाला फ्लोरिन-१८ ची किरणोत्सारी खूण लावली की पेशी ते आत घेतात आणि त्याचं डोपामिन करून साठवतात. म्हणजे इथे पेशीला प्रत्यक्ष कामाला लावून बघायचं असतं. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटानं १९८३ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामिन असं पहिल्यांदा दाखवलं. लगेच दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, डोनाल्ड कॅल्न आणि लँगस्टन यांच्या गटानं व्हँकुव्हरला एक साधा पण फार महत्त्वाचा प्रयोग केला. ते विषारी द्रव्य घेऊनही ज्यांना काहीच झालं नव्हतं, अशा चार जणांचा त्यांनी फ्ल्युओरोडोपा स्कॅन केला. चालणं-बोलणं ठीक, हात स्थिर. तरीही स्कॅनमध्ये डोपामिन कमी दिसलं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे. बऱ्याच पेशी जाईपर्यंत मेंदू सांभाळून घेतो. थरथर दिसते तेव्हा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी आधीच गेलेल्या असतात. तुमच्या वडिलांचा हात सहा महिन्यांपूर्वी थरथरायला लागला, पण कंपवात असेल तर तो तेव्हा सुरू झालेला नाही, कित्येक वर्षं आधीचा आहे. त्यामुळे 'आपण लवकर लक्ष दिलं असतं तर' म्हणून घरात कुणीही स्वतःला दोष देऊ नका.

या कथेचा पुढचा भागही सांगायला हवा, नाहीतर स्कॅनवर भाबडा विश्वास बसेल. एमपीटीपीनं ताठलेल्या दोघांच्या मेंदूत स्वीडनमधल्या लुंड इथे भ्रूणाच्या पेशी बसवल्या गेल्या. १९९२ मध्ये निष्कर्ष आले: दोघंही सुधारले, आणि फ्ल्युओरोडोपा स्कॅनमध्येही चूल पुन्हा पेटलेली दिसली. जगभर आशा वाढली. मग अमेरिकेत कंपवाताच्या नेहमीच्या रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या, काहींना खरी शस्त्रक्रिया, काहींना नुसता देखावा. स्कॅनमध्ये पेशी जगलेल्या दिसल्या, पण माणसं अपेक्षेइतकी सुधारली नाहीत, आणि काहींना आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. चित्र सुधारलं म्हणजे माणूस सुधारला असं नसतं. म्हणून आजार किती वाढला हे बघायला दर वर्षी स्कॅन करायचा आग्रह धरू नका. त्यासाठी चांगल्या न्यूरॉलॉजिस्टची तपासणी पुरते.

आता तुमच्या मुद्द्याकडे. निरोगी माणसाच्या चित्रात दोन्ही बाजूंना चकाकणारा एकेक स्वल्पविराम दिसतो. कंपवातात आधी त्याची शेपटी जाते आणि नुसतं टिंब उरतं, बहुधा एका बाजूला जास्त. वडिलांचा उजवा हात थरथरतो आणि उजवं अंग मेंदूची डावी बाजू चालवते, म्हणजे डाव्या बाजूची शेपटी आधी गेलेली असण्याची शक्यता.

हे चित्र दोन आजारांत मात्र नॉर्मल येतं, आणि खर्च वसूल होतो तो तिथे. पहिला म्हणजे इसेन्शियल ट्रेमर, नुसती थरथर, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेली. दुसरा म्हणजे औषधांमुळे आलेला कंपवात. फलटणकडच्या एक आजी आमच्याकडे आल्या होत्या. दोन्ही हात थरथरत, चेहरा निर्विकार, पाऊल उचलत नव्हतं. सुनेनं गोळ्यांची पिशवी आणली होती. त्यात ॲसिडिटीची गोळी होती, तिच्यात लेव्होसल्पिराइड मिसळलेलं, आणि ती वर्षभर चालू होती. चक्कर येते म्हणून सिनारिझिनही होतं. आजींचा ट्रोडॅट स्पष्ट नॉर्मल आला, दोन्ही स्वल्पविराम सुबक. डॉक्टरांनी त्या गोळ्या थांबवल्या आणि काही महिन्यांनी त्या स्वतः चालत भेटायला आल्या. ही औषधं डोपामिनच्या पेशी मारत नाहीत, डोपामिन जिथे पोचायचं त्या जागा अडवतात. म्हणून दारं जागच्या जागी दिसतात.

औषधानं असं होतं हे वैद्यकाला जुनंच माहीत आहे. आपल्या सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं आणि ती रक्तदाबासाठी जगभर गेली. तिच्यातल्या रेसर्पिननं काहींना कंपवातासारखी लक्षणं यायची, कारण ते डोपामिनचे साठेच रिकामे करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिननं निपचित झालेल्या सशांना डोपा दिलं आणि ते उठून हलू लागले. आज वडिलांना लेव्होडोपा द्यायचं ठरलं, तर त्या गोळीच्या मागे ते ससे आहेत.

एक मर्यादा लक्षात घ्या. पीएसपी, एमएसए यांसारखे कंपवाताचे चुलत आजारही स्कॅनमध्ये असेच बिघडलेले दिसतात. पेशी गेल्या एवढं स्कॅन सांगतो, आजाराचं नाव सांगेलच असं नाही.

धोक्याबद्दल. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. अकरा तासांत ते चौसष्टावा हिस्सा उरतं, शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं. म्हणूनच मुंबईहून डोस येताना गाडी खंडाळ्याच्या घाटात अडकली की आमचा जीव वरखाली होतो: शिशाच्या डब्यात औषध दर मिनिटाला कमी होत असतं. (परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे फ्लोरिन-१८ बनवणारं यंत्र, २००२ मध्ये सुरू झाला. त्याआधी हे सगळं आपल्यासाठी पुस्तकातच होतं.) ट्रोडॅटमध्ये टेक्नेशियम असतं, अर्धायुष्य ६ तास. ते विभागातच 'जनरेटर' नावाच्या छोट्या उपकरणातून (विजेचा जनरेटर नव्हे) काढता येतं, म्हणून हा स्कॅन स्वस्त आणि जास्त ठिकाणी होतो. फ्ल्युओरोडोपातून साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो. माती, खडक, आकाश यांतून माणसाला जगभरात वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच, जागेप्रमाणे कमी-जास्त. ट्रोडॅटमध्ये डोसप्रमाणे आकडा फ्ल्युओरोडोपाहून थोडा जास्त होऊ शकतो. ६७ व्या वर्षी, निदान अडलेलं असताना, मी माझ्या वडिलांसाठी हे बिनदिक्कत स्वीकारेन. घरी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर त्या दिवशी वडिलांनी त्यांना मांडीवर घेऊ नये, जरा अंतर ठेवावं, एवढं पुरतं.

फ्ल्युओरोडोपा असेल तर उपाशीपोटी बोलावतील, आणि दूध-डाळ-अंडं नको म्हणतील. प्रथिनांतली अमिनो आम्लं त्याच वाटेनं मेंदूत शिरायला झगडतात आणि औषध मागे राहतं. तासभर आधी बहुधा कार्बिडोपाची गोळी देतात, म्हणजे औषध वाटेतच खर्च होत नाही. लेव्होडोपा चालू असेल तर आदल्या रात्रीपासून थांबवायला सांगतील, पण ते सांगितल्यावरच. ट्रोडॅटला इंजेक्शननंतर तीन-चार तास थांबावं लागतं. वडिलांबरोबर कुणीतरी बसा, जेवणाचा डबा न्या. स्कॅन चालू असताना डोकं स्थिर ठेवावं लागतं. हाताची थरथर चालते, पण डोकं हललं तर चित्र पुसट येतं.

आणि भेटीला जाण्याआधी आज संध्याकाळीच वडिलांच्या गेल्या वर्षभरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. ॲसिडिटीच्या, उलटीच्या, चक्करच्या, झोपेच्या, शेजाऱ्यानं दिलेल्यासुद्धा. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठलीही बंद करू नका, पण ती यादी स्कॅनच्या आधी त्यांच्या टेबलावर ठेवा. कदाचित स्कॅनची गरजच उरणार नाही.