पोर्टफोलिओत पोस्टरं नकोत, पानं हवीत

कॉमिक्सचं काम मिळवायला पोर्टफोलिओ करत असशील, तर त्यात सुटी पात्रं आणि झगमगीत पोस्टरं भरू नकोस. तुला गोष्ट चित्रांतून पुढे नेता येते का, एवढंच संपादक बघतो. एकाच प्रसंगाची सलग ४-५ पानं ठेव, त्यातलं एक तरी नुसत्या बोलण्याचं. मारामारी सगळेच काढतात. टेबलाशी बसलेल्या दोघांचं पान जिवंत ठेवणं अवघड.

संवादाचे फुगे शेवटी चिकटवायचे नसतात. कच्च्या आराखड्यातच त्यांची जागा धर, नाहीतर नेमका चेहरा झाकला जातो. आधी बोलणारं पात्र शक्यतो डावीकडे उभं कर. उलटं केलंस तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि वाचणारा अडखळतो.

छपाईसाठी काळ्या रेघा ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), रंगीत काम ३०० ला. कडेला ३ मिमी ब्लीड (म्हणजे कापाच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र), मजकूर कापाच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेव. रंगीत छपाईच्या चार शायांत गेली की एखाद्या शाईची छपाईची प्लेट जराशी सरकली तरी कडा धुरकट होतात.

पैशाचं आधीच लिहून घे: आगाऊ किती, किती फेरबदल फुकट, हक्क कशाचे आणि किती काळ. कागदावर काढत असशील तर मूळ पान तुझंच राहील, हेही त्यात घाल.