बाई आज आल्याच नाहीत, बाळाचं काय करायचं?

भगोरियाचा आदिवासी मेळा, होळी आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपली की माझ्याकडे दरवर्षी एकाच छापाचे प्रश्न येतात. मूल सांभाळणाऱ्या बाई न सांगता आल्या नाहीत, त्या सकाळी जे हाताशी होतं त्यावर वेळ मारून नेली, आणि मग दुपारपासून जीवाला घोर लागला. रजा बाईंची असते, पण त्या पहिल्या तासात घाईनं घेतलेल्या निर्णयाचा त्रास बाळाला होतो. इंदूरमधल्या वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेले प्रश्न म्हणून एकत्रच घेतले आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला जे सांगता येतं ते सांगते. तुमचं मूल मी पाहिलेलं नाही, त्यामुळे ज्या डॉक्टरांकडे त्याची फाइल आहे त्यांना विचारणं यातून सुटत नाही.

दीड वर्षाची मुलगी मोबाइलवर बालगीतं लावली की दोन तास जागची हलत नाही. बाई नसतील त्या दिवशी मीटिंगपुरतं चालेल का? (निपानिया)

नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सूचनेनुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

आमच्या बाईंनी गावाला जाताना बदली म्हणून त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला पाठवलं. मुलगी हुशार आहे, बाळही तिच्याकडे राहतं. चार दिवसांचाच प्रश्न आहे. (राजेंद्र नगर)

चार दिवस काय, चार तासही नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर कुठल्याही कामाला बंदी आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. ‘आईनंच पाठवलं’ म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, घास अडकून बाळ निळं पडायला लागलं तर बारा वर्षांची मुलगी काय करणार? तिला खाऊ द्या, घरी पोचवा आणि तिची शाळा का बुडतेय ते तिच्या आईला विचारा.

मोठा मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी पावणेदोन वर्षांची. बाई नव्हत्या तेव्हा अर्धा तास दोघांना घरात ठेवून बँकेत जाऊन आले. सासूबाई खूप रागावल्या. एवढं चुकलं का? (सुदामा नगर)

सासूबाईंचं बरोबर आहे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे न्हाणीघरात भरलेले टब आणि बादल्या असतातच. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकून तोल गेला की त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि त्याला दोन-तीन इंच पाणीसुद्धा पुरतं. आवाजही होत नाही. नऊ वर्षांचा दादा बाहेरच्या खोलीत असेल तर त्याला कळणारही नाही. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी आजच लावून घ्या. बाई असोत वा नसोत.

मुलगी अकरा महिन्यांची. आम्ही दोघंही आयटीत. बाई आल्या नाहीत की मी घरून काम करते. मागे सर्दीसाठी दिलेलं सिरप उरलं होतं, त्यातलं अर्धा चमचा दिलं की ती तीन तास छान झोपते. मेडिकलवाले म्हणाले, लहान मुलांचंच औषध आहे, काही होत नाही. महिन्यातून दोन-तीनदाच देते. (महालक्ष्मी नगर)

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकू येतो की आता सविस्तरच लिहिते. कोणी ‘सर्दीचं’ म्हणतं, कोणी ‘उलटीचं’, कोणी ‘प्रवासात देतो तेच’. काम एकच, मूल झोपवणं.

सर्दीच्या बहुतेक सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइनसारखं जुन्या पद्धतीचं अ‍ॅलर्जीचं औषध असतं. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि गुंगी आणतं. म्हणजे तुम्हाला जी ‘छान झोप’ वाटते तो त्या औषधाचा दुष्परिणाम आहे. झोपलेल्या बाळाच्या तळपायाला बोट लावलं की ते पाय ओढून घेतं, ओठ हलवतं, कूस बदलतं. गुंगीतलं बाळ तसं करत नाही. त्याची मान कलंडलेली राहते, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मात्रा थोडी जास्त झाली की श्वासच मंदावतो. काही मुलांना उलट परिणाम होतो, ती बेभान होऊन रडतात, आणि मग घरात ‘कमी पडलं’ म्हणून आणखी अर्धा चमचा दिला जातो. तुमचा तो अर्धा चमचा म्हणजे नेमकं किती? स्वयंपाकघरातले चमचे सारख्या मापाचे नसतात, आणि अकरा महिन्यांच्या बाळाचं औषध वजनावर मोजायचं असतं.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं की क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसं लेबलवर छापावं. त्यानंतर २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, तिथं ४८.६ टक्के होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची. त्या मुलांना निदान सर्दी-खोकला तरी होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. एवढं सगळं घडून गेल्यावर निरोगी बाळाला, आईची मीटिंग आहे म्हणून, ते पाजायचं?

मंदसौर-नीमचकडे अफू पिकते. कामावर जाणारी बाई बाळाला अफूचा कण चाटवून निजवायची, असं जुन्या लोकांकडून आपण ऐकतो आणि हळहळतो. तिच्याजवळ ना रजा होती ना शिक्षण. आज बाटलीवर रंगीत अस्वल छापलेलं असतं आणि ‘लहान मुलांसाठी’ असं लिहिलेलं असतं म्हणून आपण निर्धास्त होतो. ते अस्वल विक्रीसाठी आहे. मेडिकलवाल्यांना तुमच्या मुलीचं वजन माहीत नाही, तिला आधी काय दिलंय ते माहीत नाही, आणि चिठ्ठीशिवाय सल्ला देणं हे त्यांचं कामही नाही. ‘काही होत नाही’ हे वाक्य ज्यांनी म्हटलं त्यांना रात्री दोन वाजता फोन लावून बघा.

आता तुमच्यासाठी. ती बाटली घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. आजवर साधारण किती वेळा आणि किती दिलं ते न लपवता सांगा, कोणी रागावणार नाही. आजच दिलं असेल आणि मूल नेहमीसारखं जागं होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता वाटत असेल, ओठ काळसर-निळे दिसत असतील, किंवा सहा-आठ तासांत शू झाली नसेल, तर थांबू नका. उलटी करवू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. १०८ ला फोन करा, किंवा चाचा नेहरू बाल चिकित्सालय, एम. वाय. किंवा जवळचं जे मोठं रुग्णालय असेल तिथं पोचा, आणि बाटली बरोबर न्या.

आणि ऑफिसला खरं सांगा. ‘आज बाळाजवळ कोणी नाही’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मीटिंगमध्ये बाळ रडलं तर रडू दे. दुसरं म्हणजे, असे प्रश्न मला आया विचारतात, वडील क्वचितच. तुम्ही दोघंही नोकरी करता, तर सकाळचे चार तास तुमचे आणि दुपारचे चार त्यांचे, हे बाई येत असतानाच ठरवून ठेवा. सकाळी आठ वाजता भांडत ठरवायची ही गोष्ट नाही.

एजन्सी पंधरा हजार रजिस्ट्रेशन मागते. बाई आली नाही तर चोवीस तासांत ‘ट्रेंड’ आणि ‘व्हेरिफाइड’ बदली देण्याची हमी आहे. घ्यावं का? (विजय नगर)

बदली बाई म्हणजे अनोळखी बाई, आणि पहिल्याच दिवशी बाळ तिच्या हाती एकटं सोपवायचं, असा त्या हमीचा अर्थ होतो. मला ते पटत नाही. ‘ट्रेंड’ म्हणजे कुणी, किती दिवस, काय शिकवलं ते विचारा. गळ्यात कार्ड अडकवलं म्हणून बाळाला श्वास कसा द्यायचा ते येत नाही. पोलीस पडताळणी झाली असं म्हणतात, तर कागद बघायला मागा, आणि नसेल तर तुमच्या थान्यात स्वतः फॉर्म भरा. आधीच्या दोन घरांचे नंबर घ्या आणि एजन्सीला मध्ये न घेता बोला. पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या, फसवलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बाई कितीही चांगली असली तरी पहिले काही दिवस घरातलं कोणीतरी तिच्याबरोबर राहायला हवं.

माझं वय ७४, मला मधुमेह, यांना बीपी. बाई नसल्या की नातू आमच्याकडे सोडतात. आम्हाला आनंदच आहे, पण भीतीही वाटते. काय काळजी घ्यावी? (लोकमान्य नगर)

आजी, तुमच्या मायेची बरोबरी कुठलीच बाई करू शकणार नाही. भीती वाटते तीही योग्यच आहे. सगळ्यात आधी तुमच्या गोळ्या. उशीखालची पुडी, पर्समधला डबा, टीव्हीशेजारची स्ट्रिप, सगळं उचलून कुलपात ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची एकच गोळी लहान मुलाच्या पोटात गेली तर त्याची साखर धोकादायक उतरू शकते, आणि तीही काही तासांनी. तोवर मूल खेळत असतं आणि सगळ्यांना वाटतं, गेलं निभावून. गोळी तोंडात दिसली किंवा एखादी मोजणीत कमी भरली, तर मूल ठीक दिसत असलं तरी स्ट्रिप घेऊन थेट रुग्णालयात. बीपीच्या गोळ्यांचंही तेच.

खाण्याचं सांगते. सकाळी पोहे-जलेबी आली की ‘एक घास’ म्हणून पोह्यातला शेंगदाणा मुलाच्या तोंडात जातो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणा, कडक जाड शेव नको, श्वासनलिकेत अडकते. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, शास्त्र म्हणून बोटभरसुद्धा नको. गुडघे दुखत असतील तर नातवाला कडेवर घेऊन जिना चढू-उतरू नका. आणि तुम्हाला चक्कर येते का, रात्री साखर उतरते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसभर एकटीनं सांभाळायला हो म्हणू नका. मुलाला आणि सुनेला हा परिच्छेद वाचायला द्या.

न सांगता केलेल्या खाड्यांचे पैसे कापावेत का? आणि आमच्या बाई परत आल्यात, पण महिनाभर खोकताहेत. (स्कीम ७८)

पैशांचं तुम्ही ठरवा, पण आजारपणाचे कापू नका असं मी म्हणेन. कापलेत तर बाई ताप अंगात घेऊन कामावर येते आणि तो ताप बाळाला देते. महिन्याच्या काही रजा पगारी ठेवा, आणि गावी केव्हा जाणार ते त्यांनाच विचारून कॅलेंडरवर लिहा. झाबुआ-अलीराजपूरकडच्या बायका भगोरियाला जाणारच, सोयाबीन निघताना जाणारच, राखी आणि भाऊबीजेला जाणारच. यातली निम्मी ‘अचानक’ रजा आपण विचारलं नाही म्हणून अचानक असते.

खोकल्याला मात्र उशीर करू नका. दोन आठवड्यांवर खोकला म्हणजे टीबीची तपासणी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. पाच वर्षांखालच्या मुलात टीबी लवकर आणि गंभीर रूपात पसरतो. तपासणी होईपर्यंत बाईंना पगारासह सुट्टी द्या, त्यांच्याबरोबर कोणीतरी जा. टीबी निघालाच तर बाळालाही डॉक्टरांना दाखवायचं, लक्षणं नसली तरी. त्यावर पूर्ण उपचार आहेत, तेव्हा बाईंना कामावरून काढू नका.

आधीच्या मावशी सोडून गेल्या. चौदा महिन्यांचा मुलगा आठवडाभर दाराकडे बघून रडतो, नीट जेवत नाही. सगळे म्हणतात नजर लागली. (तिलक नगर)

नजर नाही, आठवण आहे. या वयात ओळखीचं माणूस दिसेनासं झालं की मूल असंच रडतं. मावशींना व्हिडिओ कॉल लावा, शक्य असेल तर एकदा भेटवा. ‘चुप, त्या गेल्या’ असं म्हणून विषय बंद करू नका. नवीन बाईंना हळूहळू जवळ येऊ द्या. पण वजन उतरत असेल, झोपेत दचकत असेल, किंवा अंगावर न समजणारे डाग, वळ दिसत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. त्या मावशी का गेल्या, हेही नीट विचारा.

घराजवळच्या झूलाघरात त्या दिवसापुरतं ठेवता येईल का? (पलासिया)

ओळख नसताना पहिल्यांदाच, तेही दिवसभर, नको. आधी दोन-तीनदा मुलाबरोबर जाऊन बसून या. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी असं २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता येतं. तुमच्या एचआरला लेखी विचारा.

पाच महिन्यांची मुलगी अंगावर पिते. बाई नसल्या की नणंद येते. दूध काढून ठेवलं तर किती वेळ टिकतं? (अन्नपूर्णा)

आपल्या मे महिन्याच्या उन्हात बाहेर ठेवूच नका. काढलं की झाकून फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही, आणि चोवीस तासांत वापरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, भांडं कोमट पाण्यात ठेवा. उरलेलं टाकून द्या. बाटली नको, वाटी-चमचा किंवा उकळलेलं बोंडलं घ्या. पहिल्यांदा पाजण्याआधी नणंदेला तुमच्या डॉक्टरांकडे किंवा नर्सकडे नेऊन एकदा दाखवून घ्या.