इंग्रजीत ‘मेक’ कुठे आणि ‘डू’ कुठे, हे कसं ओळखायचं?

मराठीत दोन्हीकडे ‘करणे’च, म्हणून घोळ होतो. करून झाल्यावर नवं काही हाती येत असेल तर बहुधा ‘मेक’: मेक टी, मेक अ लिस्ट. नुसतं काम उरकायचं असेल तर ‘डू’: डू होमवर्क, डू द डिशेस. पण यावर फार विसंबू नका. ‘मेक द बेड’ म्हणजे सुतारकाम नव्हे, अंथरूण नीट करणं! म्हणून क्रियापद सुटं पाठ न करता वहीत नामासकट जोडीनेच लिहा.

खरी गंमत परीक्षेची. आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रज ती ‘टेक’ करतो. ‘आय गेव्ह ॲन एग्झॅम’ आपल्याकडे चालून जातं, लंडनमध्ये मात्र तुम्हीच पेपर काढणारे मास्तर वाटाल.