१२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडायची आहे? आधी हे पहा

दादा, तुमचा इन्व्हर्टर १२ व्होल्टचा. त्यावर १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) चार वर्षं जुनी बॅटरी, आता तशीच नवी आणली. दुकानदार म्हणाला सिरीजमध्ये जोडा, आणि जुनीवरच्या प्लस-मायनसच्या खुणा पुसल्या आहेत. तर सिरीजमध्ये अजिबात जोडू नका. एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला गेला की व्होल्ट वाढतात, एएच तेवढेच राहतात. इन्व्हर्टरला २४ व्होल्ट बसतील आणि तो जळेल. तुम्हाला हवं ते पॅरलल: पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. व्होल्ट १२च, एएच ३००. चार्जिंगला मात्र जवळपास दुप्पट वेळ लागेल.

पण जुनी-नवी जोडी पॅरललमध्येही नको. जुनीची ताकद उतरलेली असते, नवी तिला सतत भरत बसते आणि स्वतःही लवकर थकते. आपल्याकडे नागपुरात नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. चार नागपुरी उन्हाळे सोसलेली बॅटरी नव्या बॅटरीच्या गळ्यात बांधू नका. नवी एकटीच लावा. बॅकअप जास्तच हवा असेल तर एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या दोन नव्या एकदम घ्या. मग त्या पॅरललमध्ये जोडून इन्व्हर्टरची लाल वायर पहिलीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी दुसरीच्या निगेटिव्हवर घ्या, म्हणजे दोघींवर लोड सारखा येतो.

खूण पुसली असेल तर वायरच्या रंगावर भरवसा नको. आधीच्या माणसाने काय लावलं कोण जाणे. सीताबर्डीच्या बाजारात व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर मिळतो, तो डीसी व्होल्टवर ठेवा आणि त्याच्या दोन पिना बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर तुमची लाल पिन निगेटिव्हवर आहे. गाडीच्या बॅटरीत गोल खांबांपैकी जाड तो पॉझिटिव्ह, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीला हा नियम लावू नका, मीटरच लावा. पूर्ण चार्ज होऊन काही तास निवांत राहिलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते.

काम करताना इन्व्हर्टर बंद, मेनचा प्लगही काढलेला. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना दोन्ही टर्मिनलवर एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात, म्हणून अंगठी-घड्याळ काढा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. शेवटची वायर लावताना बारीक ठिणगी उडते, ती बहुधा इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरल्यामुळे. पण चार्जिंगमध्ये ठिणगीने पेटणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोलीच्या खिडक्या आधीच उघडून ठेवा.

वायर आखूड आणि जाड घ्या. ६०० वॅटचा लोड १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या वर ओढतो. ढिला नट तिथे तापून टर्मिनलच वितळवतो. नट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. मार्चपासून दर महिन्याला पाण्याची पातळी पहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घाला.